दोन दिवसांचा पाव

सकाळी सातला, दुकान उघडण्याआधी
मी चीजच्या तुकड्यांना बिल्ले अडकवते.
काळे, प्लॅस्टिकचे, दार ओलांडलं की बोंब मारणारे.
व्हिस्कीच्या बाटल्यांना, दाढीच्या पात्यांना
आणि या पिवळ्या, खरबरीत पाचरींना.
बटाट्यांना नाही. कांद्यांना नाही.
बिल्ल्याची लायकी यायला
दुधाला दोन वर्षं अंधारात बसावं लागतं.

आमच्या घरी ते कधी नव्हतं.
म्हणजे नाव होतं. नाताळात वासही यायचा,
वकिलांच्या जिन्यावर.
आई, इन्कोरोनाता, पाव शिळा करायची.
व्हायचा नाही, करायची, मुद्दाम,
फडक्यात गुंडाळून, उंदरांच्या वर टांगून.
तिसऱ्या दिवशी किसणी.
कढईत तेल, नावापुरतं. लसणाची चेचलेली पाकळी.
खारवलेल्या मासोळीचं अर्धं अंग
(ती विरघळते, दिसत नाही, काम करून जाते)
आणि मग तो चुरा.
आच मंद. हात चालता. तोंड बंद.
"दाराची कडी वाजली तरी वळायचं नाही.
पोप आला तरी."
बदामी झाला की उतरवायचा. तपकिरी म्हणजे कडू.
पास्त्यावर मूठभर भुरभुरला की बाबा म्हणायचे,
"बघा, आज चीज पडलं!"
आणि आम्ही चौघं भावंडं खरोखर
छताकडे बघायचो.

तोरिनोत येऊन बावीस वर्षं झाली.
इथेही तेच करते. कधी अक्रोड कुटून मिसळते,
कधी बाजारातून चीजची सालं आणते,
दोन युरोला पिशवी,
सुपात तासभर शिजली की मऊ पडतात
आणि आपण कुठल्या घरातले ते सुपाला सांगून टाकतात.
शेजारणींना ऐटीत सांगायचे:
दुधाची तहान ताकावर म्हणता ना,
अगं, ताकच सरस. पैसे कशाला घालवता?

गेल्या गुरुवारी दारातलं यंत्र किंचाळलं.
एक म्हातारा. जून महिना, अंगात लोकरीचा कोट.
बाहीतून पाचर निघाली, बिल्ल्यासकट.
बिल्ला माझ्या हातचा.
मॅनेजरनं त्याला मागच्या खोलीत बसवलं
आणि मला नोंद लिहायला.
नाव: जेरार्दो लापेन्ना. वय: एकोणऐंशी.
जन्म: पोतेन्झा जिल्हा,
आमच्या डोंगराच्या पलीकडचंच गाव.
मी पेन खाली ठेवलं.
आमच्या बोलीत, हळूच, औषध सांगावं तसं सांगू लागले:
काका, दोन दिवसांचा पाव घ्या, किसा,
लसूण, एखादी मासोळी, आच मात्र...

"पोरी," तो म्हणाला, "जन्मभर तेच खातोय.
आच तू मला शिकवणार?"
राग नव्हता आवाजात.
टेबलावरच्या पाचरीकडे बघत होता,
दवाखान्यात काचेपलीकडे बघतात तसा.
"बायको म्हणायची, एकदा खरं आणा.
कळू तरी दे, इतकी वर्षं
आपण कुणाची नक्कल करत होतो."
मग कोटाची बटणं लावत, मोजून एकेक,
"मार्चपर्यंत म्हणायची."

मॅनेजरनं दम देऊन सोडून दिलं त्याला.
माणूस वाईट नाही तो.
पाचर पुन्हा फळीवर गेली,
सतरा युरो चाळीस, बिल्ला तसाच.
मी भरू शकले असते.
हे सुचलं ते बसमध्ये, पाचव्या थांब्याला,
जिथून परत फिरलं तरी दुकान बंद झालेलं असतं.

घरी आले. पाव टांगलेला होता. किसला.
लसूण, तेल, मासोळी.
कुणी कडी वाजवली नव्हती, तरी मी वळले.
जरा कडूच झाला.
मूठ भरून घेतली, ताटलीवर उंचावरून सोडली.
छताकडे बघितलं नाही.